हिला विचारणे

शनिवारी सकाळी चौथ्या चौकटीतला फुगा अजून रिकामा होता, आणि तो भरणारी बाई गावाला गेली होती.

फुगा म्हणजे चित्रातली पात्रं ज्यात बोलतात तो. आपल्या चित्रकाराची एक चित्रमालिका होती, इंटरनेटवर दर रविवारी सकाळी दहाला लागणारी. नाव 'पाल आणि पंखा'. एका खोलीच्या छताला पंखा, भिंतीवर पाल, चार चौकटींत दोघांच्या गप्पा, संपलं. आठ वर्षांत त्याचा एकही रविवार चुकला नव्हता. वाचक एकशे त्रेचाळीस. त्यातला एक त्याचा मामा, जो चित्र उघडायच्या आधीच खाली अंगठा उमटवून मोकळा व्हायचा.

पोटापाण्यासाठी तो औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर जुळवायचा. त्या धंद्यात एक पद्धत असते. जो मजकूर अजून यायचा असेल त्याच्या जागी 'इथे तारीख', 'इथे किंमत' असं लिहून ठेवायचं, म्हणजे जागा अडून राहते. खोकं छपाईला जाण्याआधी तपासनीस बाई लाल पेन घेऊन बसायच्या आणि एकेक 'इथे' हुडकून काढायच्या. ही सवय त्याच्याबरोबर घरी आली, तपासनीस बाई मात्र आल्या नाहीत. चौथ्या फुग्यात तो दर आठवड्याला लिहून ठेवायचा, 'हिला विचारणे'.

ही म्हणजे बायको. ती वीज कंपनीच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीत बसायची. समोरच्याचं सगळं ऐकून घेऊन त्याला एका वाक्यात वाटेला लावायचं, हे तिचं दिवसभराचं काम. इकडे हा पाच दिवस पंख्याच्या पात्यांवरची धूळ रेखाटत बसायचा आणि शनिवारी तीन चौकटी घेऊन तिच्यापुढे उभा राहायचा. ती केस विंचरता विंचरता पडद्याकडे बघायची, एक वाक्य बोलायची आणि पुन्हा आरशाकडे वळायची. तो म्हणायचा, "हं, बघतो." मग जाऊन तेच वाक्य काना-मात्रा न बदलता टाइप करायचा.

मालिकेच्या खाली 'कथा, संवाद आणि चित्रे' असं लिहिलेलं असे आणि पुढे त्याचं एकट्याचं नाव. यात काही चुकतंय असं त्याला आठ वर्षांत वाटलं नव्हतं. शेवटची ओळ म्हणजे काय, शेवटचा हात फिरवणं. अख्खी भिंत आपण रंगवायची आणि घड्याळाचा खिळा कुठे मारायचा ते कुणी सांगितलं म्हणून त्याचं नाव का लावायचं, असं तो मनाशी म्हणायचा. मनाशी अशासाठी की तिने कधी विचारलंच नव्हतं.

तर त्या शनिवारी ही आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेली होती. चित्रकाराने चित्र रविवारी दहाला आपोआप लागेल असं लावून ठेवलं. मधल्या वेळात फोन करू, ओळ विचारू, फुगा बदलू, असा त्याचा बेत. त्याने फोन केलाही. पण सासूबाईंना नुकतंच आत नेलं होतं आणि हिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. त्याला वाटलं, अशा वेळी विनोद काय मागायचा. त्याने माणुसकीने सासूबाईंच्या डोळ्याची चौकशी केली, नंतर मोरीचा नळ गळायला लागला, प्लंबर आला, प्लंबरने भिंत फोडली. वर्षातून एकदा माणुसकीने वागायला जावं तर हे असं होतं.

रविवारी दहाला चित्र लागलं. पहिल्या चौकटीत पाल विचारते, "तू सारखा फिरतोस, पोचतोस कुठे?" दुसऱ्यात पंखा गप्प. तिसऱ्यात पाल म्हणते, "बरं, एवढं तरी सांग. हे घर चालवतं कोण?" आणि चौथ्यात पंखा म्हणतो, "हिला विचारणे."

साडेदहाला मामाचा फोन आला. "अरे, आज पहिल्यांदा मी वाचून अंगठा दिला," मामा म्हणाला. चित्रकाराला काही कळेना. त्याने चित्र उघडलं, तर चौथ्या फुग्यातली जागा अडवणारी ओळ तशीच राहिलेली. चित्र काढून टाकायला हात पुढे केला तर खालचा आकडा चारशेवर गेलेला. हात तिथेच थांबला. दुपारपर्यंत आकडा नऊ हजार झाला आणि दुसऱ्या दिवशी तर त्याने आकडा बघायचंच सोडलं, म्हणजे दर पाच मिनिटांनीच बघू लागला.

'हिला विचारणे' सगळीकडे झालं. चावी कुठाय, हिला विचारणे. नोकरी का सोडली, हिला विचारणे. छापखान्यात त्याच्या साहेबांनी मशीनवाल्याला खोकी कधी निघणार विचारलं तर मशीनवाल्याने तपासनीस बाईंकडे बोट दाखवून तेच उत्तर दिलं. तपासनीस बाईंनी ते चित्र दोनदा पाहिलं, चष्मा काढला आणि चित्रकाराला हळूच म्हणाल्या, "हा 'इथे' राहिला ना तुमचा?" एका विद्वानाने लांबलचक लेख लिहिला. 'विचारणे' या कोरड्या, सरकारी क्रियापदाने लेखकाने संसारातल्या सत्तेचा कागद कसा टराटरा फाडला आहे, वगैरे. आठ वर्षं धुळीचा कण न कण रेखाटला त्याबद्दल लेखात एक ओळ होती. चित्रे साधी आहेत, अशी.

एका बातमीवालीने फोन करून विचारलं, ही ओळ कशी सुचली? चित्रकार म्हणाला, "सुचली."

तिकडे दवाखान्यात एका नर्सने ते चित्र हिला दाखवलं. संध्याकाळी हिचा फोन आला.

"हिला म्हणजे मला ना?"

"हो."

"मग विचारायचं होतंस."

एवढंच बोलून तिने आईला थेंब घालायचेत म्हणून फोन ठेवला. चित्रकाराला सुटल्यासारखं वाटलं. ते फार टिकलं नाही, कारण खाली लोक विचारू लागले होते की ही म्हणजे कोण, आणि मामाला राहवलं नाही. मामाने सर्वांसमक्ष अभिमानाने लिहिलं, "ही म्हणजे आमची सूनबाई. याचे सगळे विनोद तीच सांगते. मी डोळ्यांनी बघितलंय. याला लहानपणापासून विनोद जमत नाही." मामाच्या त्या चार ओळींना मूळ चित्राहून जास्त अंगठे पडले. चित्रकाराने फोन करून जाब विचारला तर मामा म्हणाला, "अरे, तुझ्या चांगल्यासाठीच लिहिलं. लोकांना वाटत होतं तूच ही."

पुढच्या शनिवारी ही परत आली होती. चित्रकार तीन चौकटी घेऊन आरशापाशी उभा राहिला. ती केस विंचरत राहिली. तिने पडद्याकडे पाहिलं नाही. पाच दिवस पंख्यावर घालवून हा उभाच.

"काय?" तिने विचारलं.

"शेवटची ओळ."

"बातमीवालीला सांगितलंस ना, सुचते म्हणून. मग सुचू दे की."

त्यात राग नव्हता. राग असता तर समजूत घालता आली असती. तक्रारींच्या खिडकीत ती लोकांना 'तुमचा अर्ज अपूर्ण आहे' असं सांगते तेव्हा तिचा जो आवाज असतो तो होता.

मग त्या आठवड्याची ओळ त्याने स्वतः लिहिली. चार तास लिहिली. सतरा ओळी केल्या, सोळा खोडल्या. उरलेलीत पंखा पालीला म्हणतो की आयुष्य हेसुद्धा एक रेग्युलेटर आहे. रविवारी दहाला चित्र लागलं आणि नव्याने आलेल्या हजारो वाचकांतल्या सहाशे जणांनी एकमुखाने लिहिलं, 'या वेळी हिला विचारलं नाही वाटतं.' एकाने दुसऱ्याची नक्कल केलेली नव्हती, हे विशेष. ज्याला त्याला स्वतंत्रपणे सुचलं होतं. चित्रकाराला ते सहाशे वेळा वाचावं लागलं, आणि सहाशेही वेळा ते त्याच्या रेग्युलेटरपेक्षा बरं होतं.

तिसऱ्या आठवड्यात प्रकाशकांचा फोन आला. ते मालिकेचं पुस्तक काढायला तयार होते. या एका फोनची वाट चित्रकाराने आठ वर्षं पाहिली होती, आरशासमोर हसून 'हो, विचार करतो' असं म्हणायची तालीमसुद्धा केली होती. प्रकाशक म्हणाले, "जुन्या चित्रांतून शंभर निवडा आणि वीस नवी करा. फक्त नवी मात्र वहिनींना विचारून, बरं का. मागच्या आठवड्यासारखं नको."

त्याने हिला सांगितलं. आता नाक घासायची वेळ होती आणि त्याने ते व्यवस्थित घासलं. चुकलं म्हणाला, आठ वर्षं चुकलं म्हणाला. ही गार चहा पीत सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "वीस ओळी देते. मुखपृष्ठावर माझं नाव पाहिजे. तुझ्याएवढ्याच अक्षरांत."

"एवढंच ना? देतो की."

"एवढंच नाहीये ते," ती म्हणाली. "मी आठ वर्षं 'ही' आहे."

हे मात्र त्याला लागलं. खरोखर लागलं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि तिने तो काढून घेतला नाही. पुढचे दोन महिने त्या घरातले सर्वांत चांगले दिवस होते. दोघं शेजारी बसायची. ती पडद्याकडे नीट बघायची, पहिल्या चौकटीपासून. एकदा तर तिने पात्यांवरची धूळ बघून विचारलं, "हे सगळे ठिपके तू एकेक काढतोस?" तो हो म्हणाला, तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वेडा आहेस." ते त्याने मनात जपून ठेवलं.

मुखपृष्ठ त्याने स्वतः जुळवलं. वर पंखा, खाली पाल, मधे दोन सारख्या ओळी. एकीत 'चित्रे' आणि त्याचं नाव. दुसरीत 'संवाद' आणि पुढे तिचं. पण आडनाव माहेरचं की सासरचं? त्याने विचारलं तर ती म्हणाली, "उद्या सांगते." प्रकाशकांना नमुना त्याच दिवशी हवा होता. सवयीने त्याने जागा अडवली, 'इथे हिचं नाव' असं लिहिलं आणि नमुना धाडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना, चपलेचा पट्टा लावता लावता ती म्हणाली, "माहेरचंच लाव. आणि आठवणीने." तो म्हणाला, आजच कळवतो. अकरा वाजता तो छापखान्यात खोकल्याच्या औषधाचं खोकं जुळवत असताना प्रकाशकांचा फोन आला आणि तो नाव सांगायला तोंड उघडतो तोच प्रकाशकच बोलू लागले.

"अहो, काय माणूस आहात तुम्ही. मुखपृष्ठ बघून मी एकटाच हसत सुटलो. 'इथे हिचं नाव.' म्हणजे अख्खं पुस्तक तीन शब्दांत. कचेरीत सगळ्यांना दाखवलं, सगळे हसले. हे वहिनींना सुचलं की तुम्हाला?"

समोर खोक्यावर 'इथे तारीख' होतं. पलीकडे तपासनीस बाई लाल पेनाला टोपण लावत होत्या. चित्रकाराच्या मनात तिचं नाव होतं, माहेरच्या आडनावासकट, अगदी जिभेवर. पण आठ वर्षांत, किंबहुना मामाचं खरं मानलं तर लहानपणापासून, त्याच्या बोलण्यावर एवढी माणसं पहिल्यांदाच हसली होती.

"मला," तो म्हणाला.

"मग ठेवायचं ना असंच?"

"ठेवा."

आपण हे तिला संध्याकाळी समजावून सांगू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी वाटलं, पुस्तक हातात आल्यावर तिलाही गंमत वाटेल. आत पानावर बारीक अक्षरांत नाव टाकायला सांगू असंही मनात होतं. तेही त्याने दोन दिवस पुढे ढकललं, आणि तेवढ्यात पुस्तक छापून झालं.

पुस्तकांचं पुडकं रविवारी सकाळी आलं. तिने दारातच दोरी सोडली. पहिली प्रत तिने दोन्ही हातांत धरली, बोट पंख्यावरून खाली आणलं आणि दुसऱ्या ओळीवर थांबवलं. चित्रकार मागे उभा होता. ती काहीतरी चूक झालीय असं म्हणेल, आपण प्रकाशकांवर ढकलू, अशी त्याने तयारी केली होती.

"हे कुणाला सुचलं?" तिने विचारलं.

खरं तर या प्रश्नाचीही त्याने आठ वर्षं वाट पाहिली होती. खोटं बोलण्याची हीच वेळ होती, आणि नेमका आत्ताच तो खरं बोलला.

"मला."

"वाटलंच," ती म्हणाली. तिने प्रत पुडक्यात परत ठेवली, सुटलेली दोरी पुन्हा बांधली, घट्ट गाठ मारली आणि ती आत गेली.

तो खोलीत येऊन बसला. दहा वाजायला वीस मिनिटं होती. पडद्यावर त्या आठवड्याचं चित्र होतं. तीन चौकटींत पाल सारखी पंख्याला हाका मारत होती आणि पंखा फिरत नव्हता. चौथ्या चौकटीत पंख्याचा फुगा रिकामा. आता माफी मागायची तर नीट मागू या, असं त्याने ठरवलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला नावाने हाक मारली. पूर्ण नावाने, माहेरच्या आडनावासकट.

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग तिचा आवाज आला, तक्रारींच्या खिडकीतला.

"इथे हिचं उत्तर."

त्याला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. विनोद चांगला होता, नेहमीसारखा तिचाच होता, आणि या वेळी तो त्याच्यावर होता. उठावं, आत जावं, तिच्यापुढे उभं राहावं असं त्याला अगदी मनापासून वाटलं. तो उठलाही. पण तेवढ्यात त्याची नजर पडद्यावर गेली. त्याच्या हाताने ती ओळ चौथ्या फुग्यात टाइपही करून टाकली होती.