क्लच दाबला तरी

लक्षण

चौकात दिवा लाल झाला, सगळ्यांच्या गाड्या थांबल्या आणि चष्मेवाल्याची नवीकोरी मोटरसायकल थांबली नाही.

तशी ती धावतही नव्हती. पहिला गिअर, क्लच पार मुठीला टेकेपर्यंत दाबलेला, आणि तरी गाडी आपली मुंगीच्या पावलांनी पुढे. ब्रेक जोरात दाबला की इंजिन बंद पडायचं आणि सैल सोडला की गाडी निघायची. न्यूट्रल शोधावं तर पायाला सापडेना. समोर स्कूटरवर एक बाई होत्या. गाडीने त्यांच्या मागच्या चाकाला हळूच नाक लावलं. चष्मेवाल्याने दोन्ही पायांनी रेटून तिला मागे ओढलं. तिने पुन्हा नाक लावलं.

बाईंनी मान वळवली. "फार घाई आहे का हो?"

"मला नाही. हिला आहे."

बाईंनी त्याच्या मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि दिवा लालच असताना स्कूटर मुकाट्याने बाजूला घेतली.

घरची माहिती, जिच्यावाचून पुढचं समजणार नाही

चष्मेवाला चष्म्याच्या दुकानात कामाला होता. त्याचे बाबा जन्मभर गादीकाम करत आले. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं, जिथे म्हणून माणूस टेकतो तिथे त्यांचे टाके. मग एके दिवशी त्यांनी दुकान बंद केलं, शिलाई मशीन घरी आणून तिच्यावर चादर टाकली आणि स्वतः खिडकीत बसले. का बंद केलं, हे कोणी विचारलं नाही. वय झालं, असं सगळ्यांनी आपलं आपण ठरवून टाकलं.

"बाबा, चहा?"

"चालेल."

"बाबा, जरा फिरून येता?"

"कशाला?"

घरात एवढंच बोलणं उरलं होतं.

नवी गाडी आली तेव्हा बाबा खाली उतरले. सुनेला तेच मोठं नवल. ते गाडीभोवती फिरले नाहीत, रंगाबद्दल बोलले नाहीत. त्यांनी हँडलची मूठ अंगठ्याने दाबून पाहिली, जशी आयुष्यभर गादी दाबून पाहिली होती.

"टोचेल," ते म्हणाले आणि वर गेले.

थोड्या वेळाने आतून मशीनचा आवाज आला. सून भांडी घासत होती, तिने नळ बंद केला. नवरा-बायको स्वयंपाकघरात श्वास रोखून उभे राहिले, पाळण्यातलं मूल पहिल्यांदा बोलल्यासारखे.

दोन्ही मुठींना तपकिरी रेक्झिनची गादी आली. आत फोम, वर दुहेरी शिवण, टोकाला सुबक गाठ. मुठींनी चांगलं बाळसं धरलं.

"कशी वाटते?" बाबांनी विचारलं.

"बाबा, स्वर्ग!" चष्मेवाला म्हणाला.

तेव्हापासून मशीन रोज थोडी चालू लागली. शेजारणीचा पाट, जिन्यावरच्या म्हाताऱ्याचं स्टूल. ती तशीच चालत राहावी, एवढं एकच मागणं आता त्या घराचं होतं.

शक्य कारण: ऑइल

हे कारण बायकोच्या भावाने दिलं. त्याला सगळे प्राध्यापक म्हणत. शिकवत तो कुठेच नव्हता. तो पाण्याच्या टाक्या विकायचा, पण कोणत्याही विषयावर तास घ्यायचा.

"भाऊजी, हे सरळ आहे. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. ऑइल जाड असलं की सोडत नाहीत. संसारासारखं आहे."

"माझा संसार काढू नकोस," आतून बहीण म्हणाली.

"तुझा नाही गं, साधारण संसार!"

ऑइल बदललं. प्राध्यापकाने चाचणीसाठी गाडी गल्लीत नेली, आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानाची पायरी चढवून, आत दाढी चाललेल्या माणसाच्या गुडघ्यापाशी नेऊन उभी केली. म्हणजे बंद पाडली. न्हावी शांत माणूस. "बसा," तो म्हणाला, "यांचं झालं की तुम्ही."

शक्य कारण: शोरूम

शोरूमला जाताना चष्मेवाला एक काळजी घ्यायचा. फाटकापाशी उतरून दोन्ही मुठींच्या गाद्या हलकेच ओढून काढायचा, रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवायचा. मेकॅनिकचे हात काळे. बाबांच्या शिवणीला डाग लागला तर काय तोंड दाखवणार?

मेकॅनिकने गाडी फिरवून आणली. "उत्तम आहे."

"थांबते?"

"देवळासारखी थांबते, साहेब."

चष्मेवाला फाटकाबाहेर आला, गाद्या चढवल्या, घरी निघाला. पहिल्याच चौकात गाडी एका भाजीच्या हातगाडीला ढुशी द्यायला लागली.

तो परत गेला. गाद्या पिशवीत. गाडी उत्तम. मग तो इतका हटून बसला की मेकॅनिकने क्लच उघडला, प्लेटा काढून दाखवल्या, जोडल्या, केबल पाहिली आणि गाडी पुन्हा फिरवून आणली. उत्तम.

"साहेब, आमच्यासमोर एकदाही का करत नाही ती?"

"लाजत असेल."

मेकॅनिकने हात पुसले आणि किल्ली परत दिली. त्यानंतर चष्मेवाला दिसला की मेकॅनिक जेवायला जाऊ लागला.

शक्य कारण: मालकाचा डावा हात

बायकोने आपलं मनगट त्याच्या डाव्या हातात देऊन दाबायला सांगितलं. तिची बांगडी वाकली. कारण बाद.

खरं कारण

शोरूमच्या फाटकावर रखवालदार होता आणि त्याच्यापुढे आडवा दांडा. चष्मेवाला नेहमीसारखा आला, क्लच दाबला, आणि गाडीने दांड्याला नाक लावून ढकलायला सुरुवात केली.

"उघडतोय हो, ढकलू नका!"

त्याने इंजिन बंद केलं, गाद्या काढल्या, पुन्हा चालू केलं, पहिला गिअर टाकला. दांडा अजून अर्धाच वर गेला होता, म्हणून थांबला. आणि गाडीही थांबली. गरीब वासरासारखी.

चष्मेवाला दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलून एकच प्रश्न विचारायचा: असं बरं दिसतं, की असं? त्याने तेच केलं. डाव्या मुठीची गादी चढवली. गाडी दांड्याकडे निघाली. काढली. उभी. चढवली. निघाली. मग त्याने खाली वाकून पाहिलं. क्लचची दांडी गुबगुबीत फोमला टेकत होती आणि तिथेच अडत होती. खऱ्या मुठीपर्यंत पोचतच नव्हती. क्लच अर्धाच सुटत होता.

"साहेब," रखवालदार म्हणाला, "आत यायचंय की नुसतं खेळायचंय?"

"आत नको," चष्मेवाला म्हणाला. "घरी जायचंय. तेच अवघड आहे."

उपाय

"बाबांना सांगायचं नाही," बायको कुजबुजली. पलीकडच्या खोलीत मशीन चालली होती. "सांगितलंस की चादर परत पडली तिच्यावर."

"मग रोज लोकांना ढुशा देत फिरू?"

"कोपऱ्यापर्यंत तसाच जा. कोपऱ्यावर काढ. येताना घाल."

हे छान जमलं. चष्मेवाल्याला कोपऱ्यावर लपून गाद्या काढताना बघून न्हाव्याला काय वाटत असेल ते वाटो. पण एका सकाळी बाबा पायात चपला घालून दारात उभे राहिले.

"मला फोमच्या दुकानात सोड. माल संपलाय."

इतक्या महिन्यांत बाबा पहिल्यांदा बाहेर निघाले होते. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ, काहीही कर पण ने, असा होता.

कोपरा आला. कोपरा गेला. मागे बाबा, मुठीवर गादी, आणि पुढे चौकात हात आडवा करून उभा असलेला वाहतुकीचा हवालदार. चष्मेवाल्याने क्लच दाबला. गाडीने हवालदाराच्या गुडघ्याला नाक लावलं.

"थांबा म्हटलेलं कळत नाही?"

"थांबलोय, साहेब."

"मग हे काय करतंय?" हवालदार एक पाऊल मागे सरला. गाडीही एक पाऊल पुढे सरली. "ब्रेक नाही का?"

"ब्रेक आहे. क्लच जरा…"

"काय झालंय क्लचला?" मागून बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा!"

हवालदाराने वाकून दांडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग गादीला बोट लावलं. "हे असलं कोणी बसवलं?"

चष्मेवाल्याने गादी मुठीत झाकून घेतली. "मी."

"तू?" बाबा गाडीवरून खाली उतरले. "हा टाका तुला या जन्मात जमायचा नाही. साहेब, हे माझं काम आहे. खोट काय आहे त्यात?"

"खोट? आजोबा, दांडी आतपर्यंत येतच नाही! गाडी थांबेल कशी?"

बाबांनी स्वतः दांडी दाबली. अंगठा फोममध्ये रुतवला. पुन्हा दाबली. मागे हॉर्नचा गलका झाला होता, हवालदार "बाजूला, बाजूला" ओरडत होता. चष्मेवाला बापाच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळत होता.

"परत आलं," बाबा म्हणाले.

"काय?"

"काम परत आलं!" त्यांच्या आवाजात कसलाच राग नव्हता. "कधीपासून आहे हे?"

"पहिल्यापासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

"वाईट? अरे, दुकान का बंद केलं मी? पूर्वी माणूस खुर्ची डोक्यावर घेऊन भांडायला यायचा. इथे टोचतं, तिथे दबतं, पैसे काय झाडाला लागतात का! त्या भांडणांवर हात तयार झाला माझा. मग येईनातच. नाही आवडली की टाकतात आणि नवी घेतात. घरात विचारावं, तर तू म्हणतोस स्वर्ग. स्वर्गात कसली दुरुस्ती करायची माणसाने?"

"आजोबा, भांडण बाजूला घेऊन करा," हवालदार म्हणाला.

"भांडण कुठलं, साहेब, गिऱ्हाईक आहे माझं!" बाबा सीटवर चढून बसले. "फोम राहू दे. घरी चल."

उपायानंतर

नवी गादी पातळ कातड्याची होती, आत फोम नावालाच. चष्मेवाल्याने गावभर फिरून पाहिलं. गाडी प्रत्येक दिव्याला जागच्या जागी उभी राहिली. एक स्कूटर समोर होती, तिला स्पर्शही नाही. तो आनंदाने जिना चढला. बाबा मशीनपाशी बसले होते.

"बोल."

"बाबा, एकदम छान! काही म्हणजे काही…"

बाबांनी मान हलवली. "बरं," ते म्हणाले, आणि चादरीची घडी उलगडू लागले. दारात बायको खाकरली. मग आणखी जोरात खाकरली.

"…म्हणजे तसं छान," चष्मेवाला म्हणाला. "पण करंगळीपाशी."

चादर थांबली. "काय करंगळीपाशी?"

"शिवण. जरा लागते."

"जरा म्हणजे किती? गोड बोलू नकोस."

"चांगलीच लागते. असलं काम करतात का कुणी, बाबा?"

बाबांनी चादर कोपऱ्यात भिरकावली. "तरी मी म्हणतच होतो," ते समाधानाने म्हणाले आणि दिव्याखाली सुई ओवायला बसले.

"आणि मागच्या सीटवर मलाही टोचतं!" सून ओरडली.

"एकेकाने या," बाबा म्हणाले.