पहिली सुई जावईबापूंना

प्रेमराजनानांना उत्तर द्यायचं नाही, एवढं मी त्या दिवशी ठरवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण डबा खाऊन झाला होता, साहेब मीटिंगला गेले होते आणि मोबाईल हातात होता. जळगावच्या कारकुनाच्या आयुष्यात या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो जगाच्या राजकारणात पडतोच.

प्रेमराजनाना म्हणजे भडगावचे रिटायर्ड तलाठी. मी त्यांना अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. आमची ओळख 'विश्व आणि आपण' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची. नानांनी लिहिलं होतं, 'कोरोना म्हणजे महासत्तांची आपसातली मारामारी. लस हा त्यांचाच डाव. सुज्ञांनी घेऊ नये.' मी लिहिलं, 'नाना, तुम्ही सातबारा बघा, साथीचं आम्ही बघतो.' (आम्ही म्हणजे कोण, ते मलाही माहीत नव्हतं. मी आवक-जावकच्या टेबलावर आहे.)

झालं. तेव्हापासून सहा महिने जिवाला चैन नाही. आंघोळीला गेलो तरी कान मोबाईलकडे. नाना अमेरिका काढायचे, मी आलेख टाकायचो. नाना चीन काढायचे, मी आणखी मोठा आलेख टाकायचो. ते आलेख मला कळत नसत, पण नानांनाही कळत नसल्यामुळे चर्चा बरोबरीची होई.

"मीठ कमी आहे का?" सपना जेवताना विचारायची. सपना म्हणजे माझी बायको.

"रशिया देईल असं वाटत नाही," मी म्हणायचो.

'परिणामकारकता' हा शब्द मी इतक्या वेळा टाइप केला, की नुसता 'प' दाबला तरी मोबाईल तोच पुढे करू लागला. एकदा रजेच्या अर्जात 'पत्नीच्या आजारपणामुळे' ऐवजी 'परिणामकारकतेच्या आजारपणामुळे' असं गेलं. साहेबांनी सही करून रजा मंजूर केली.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुमच्यापाशीच ठेवा. मी लस घेतलेली नव्हती. एकही डोस नाही. लशीवर माझा पूर्ण विश्वास होता, फक्त सुईवर नव्हता. सुई दिसली की मी दार शोधतो, लहानपणापासून. ऑफिसच्या कॅम्पात मी नाव दिलं, बाही वर केली, दंडावर कापूस धरून फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि नंबर आला तेव्हा सायकल स्टँडच्या बाजूने घरी आलो. फोटोला एकसष्ट अंगठे मिळाले. सपनानेही एक दिला होता.

या फोटोनेच घात केला. माझ्या सासूबाई, रुक्माबाई, साक्रीजवळच्या खेड्यात राहतात. त्यांना शुगर आहे, दमही लागतो. दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला होता, तेव्हा सपना नऊ दिवस धड जेवली नाही. फोन वाजला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. आणि एवढं होऊनही सासूबाई लस घ्यायला तयार नव्हत्या. आरोग्य खात्याच्या आशाताई समजवायला तीनदा जाऊन आल्या, तीनदा चहा पिऊन परतल्या.

"रविवारी गावात कॅम्प आहे," सपना म्हणाली. "तुम्ही चला. अख्ख्या जगाला समजावता, माझ्या आईला समजावा."

अशा वेळी नाही म्हणायला माणूस निगरगट्ट असावा लागतो. मी नुसताच गबाळा आहे.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून सिस्टर बसल्या होत्या. हेमांगी त्यांचं नाव. समोर बाया-माणसं उभी होती, पण रांगेत नाही, तमाशा बघायला उभं राहावं तशी लांब. सरपंच रुपचंदभाऊ हात जोडून एकेकाला बोलवत होते. सासूबाई ओट्याजवळच्या निंबाच्या पाराशी बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसून सुरुवात केली. जगातल्या बड्या देशांचे हितसंबंध सांगितले, लशीची परिणामकारकता सांगितली, लस घेतल्यावरही आजार होऊ शकतो पण बहुतेक वेळा जिवावर बेतत नाही, हेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"हाई बठ्ठं खरं शे," त्या अहिराणीत म्हणाल्या. "पन आपली रीत काय शे? जवाईले वाढानं आधी आम्ही जेवतस का? पहिला मान जवाईना. आधी तुम्ही ल्या, मंग मी लिसू."

म्हणजे आधी मी लस घ्यायची, मग त्या घेणार. आमच्या खानदेशात जावयाचा मान फार. सासुरवाडीत पहिलं ताट त्याचं, पहिला चहा त्याचा. मान नको म्हणणारा जावई अजून जन्मायचाय.

"पण आई, मी दोन्ही डोस घेतलेत," मी म्हणालो.

"हो, ऑफिसात," सपना अभिमानाने म्हणाली. "सिस्टर, बघा ना तुमच्या मोबाईलवर. आईची खात्री होईल."

मी सर्व्हरविषयी काहीतरी बोलायला लागलो, तेवढ्यात सपनाने माझा नंबर सांगूनही टाकला. हेमांगी सिस्टरांनी तो टाकला, चष्मा वर केला आणि ओटाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "संघपाल सर, तुमच्या नावावर एकही डोस नाही."

सपनाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. सहा महिन्यांत नानांनी मला जे जे म्हटलं होतं, ते सगळं तिच्या डोळ्यांत होतं.

"मंग चांगलं व्हयनं," सासूबाई खुशीत उठल्या. "मान बाकी शे."

मला खुर्चीवर बसवण्यात आलं. बाही वर करण्यात आली. (हे कर्मणी प्रयोग मुद्दाम वापरतो आहे. माझा त्यात हात नव्हता.) सिस्टरांनी सुईचं टोपण काढलं. सुई उन्हात चमकली. पुढचं मला ऐकून माहीत आहे. मी म्हणे 'परिणाम...' एवढंच म्हणालो आणि खुर्चीसकट आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा कोणीतरी गावभर ओरडत पळत होतं, "सुई टोची अन् जवाई मरी गया." बाया भराभर घराकडे निघाल्या होत्या. आणि सासूबाई पायात चप्पल सरकवत होत्या.

"एवढा शिकेल मानूस पडना," त्या म्हणाल्या. "मी कसाले लिसू?"

"अहो आजी, सुई लागलीच नाही," सिस्टर हातातली भरलेली सुई दाखवत म्हणाल्या. "ते आधीच पडले." पण त्यांचं कोण ऐकतंय. मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्हीच सांगा आता. ग्रामपंचायतीचा भोंगा आहे."

मी उठून बसलो. मनात पहिला विचार आला तो खोटं बोलायचा. चक्कर उन्हाने आली, सकाळपासून उपाशी होतो, काहीही. तेवढ्यात सपना माझ्याजवळ वाकली. मला वाटलं आता रागावेल. पण ती हळूच म्हणाली, "खरं सांगा ना. माझी आई घरी चाललीय हो."

रुपचंदभाऊंनी माइक हातात दिला. मी सवयीने सुरुवात केली, "सध्याच्या जागतिक परिस्थितीचा विचार करता..."

"पाव्हनं, दोनच वाक्यं," रुपचंदभाऊ म्हणाले.

मग मी दोनच वाक्यं बोललो. "मी रुक्माबाईंचा जावई संघपाल बोलतोय. मी लशीने पडलो नाही, सुई लागायच्या आधीच घाबरून पडलो."

भोंग्यातून माझा आवाज शेतापर्यंत गेला. कुठल्यातरी घरातून एक बाई हसली, मग शेजारची, आणि मग सगळं गाव हसलं. हसत हसतच माणसं परत आली, घाबरलेला जावई जवळून बघायला. आली ती रांगेतच उभी राहिली. सहा महिने आलेख टाकून मी एका नानांचं मत बदलू शकलो नव्हतो, आणि इथे अर्ध्या तासात रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली.

जावयाचा मान विसरून सासूबाई सगळ्यांत पुढे होत्या. त्यांनी सुई घेतली, डोळासुद्धा मिटला नाही. "मुंगी चावनी फक्त," म्हणाल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. सपना तोंड फिरवून पदराने डोळे पुसत होती. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की सगळ्यांच्या गडबडीत माझी सुई राहून गेली आहे हे मी कोणाला सांगणार नव्हतो.

पण हेमांगी सिस्टर विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. नवी सुई घेऊन त्या आल्या. "सर, आडवेच व्हा, म्हणजे पडायचा प्रश्न नाही. कोणता दंड देता? एक-दोन दिवस हात दुखेल, वर उचलवणार नाही."

"डावा," मी डोळे मिटून म्हणालो.

"सिस्टर, उजवा घ्या," सपना माझा हात धरत म्हणाली. "ते मोबाईल उजव्या हाताने चालवतात. दोन दिवस तरी माझ्या घरात शांतता राहू द्या."