माल्टाची घोडदौड

कुशलला अस्ताव्यस्त काही बघवत नसे. रविवारी सकाळी बायको आंघोळीला गेली असताना तिचा लॅपटॉप उघडा दिसला. पडद्यावर देशांची नावं वाटेल तशी बसलेली: ब्राझील, जर्मनी, चीन, माल्टा. "एवढी हुशार बाई, पण शिस्त म्हणून नाही," असं पुटपुटत त्याने नावं ए टू झेड लावली, फाइल सेव्ह केली आणि चहाचं आधण ठेवलं.

इरावती बर्मिंगहॅममधल्या एका नळांच्या कंपनीत ॲनालिस्ट होती. नवी गिऱ्हाइकं कुठल्या देशात शोधावीत हे ठरवायला तिने वीस देशांच्या आयात-निर्यातीची वाढ शेजारीशेजारी मांडली होती. सोमवारच्या मीटिंगमध्ये तिने तक्ता पडद्यावर टाकला आणि तो स्वतःच पुन्हा एकदा वाचला. माल्टाची आयात-निर्यात आकाशाला भिडली होती आणि चीन बिचारा तळाशी रखडत होता.

"माल्टा!" मालक ग्रॅहम खुर्चीतून उठलाच. "सगळे धावतायत चीनकडे, आणि आपल्या इरावतीने शोधला माल्टा!"

"ग्रॅहम, मला आकडे एकदा चेक करायचेत."

"बघा, किती हा विनय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीटिंग संपताच तिने नवऱ्याला फोन लावला.

"माझ्या फाइलला हात लावलास?"

"अगं, फक्त देशांची नावं ए टू झेड केली. किती मेसी होतं ते!"

"आणि आकडे?"

"छे! आकड्यांना कशाला हात लावू? ते तुझं डिपार्टमेंट!"

म्हणजे नावं हलली होती आणि आकडे जागच्या जागी होते. खरा तक्ता घेऊन इरावती धावत ग्रॅहमच्या केबिनशी पोहोचली, तोवर त्याने माल्टाची तिकिटं काढली होती, नळांचे नमुने पॅक करायला सांगितले होते आणि बायकोलाही कळवून टाकलं होतं. आता नोकरी जाणार, पाठोपाठ व्हिसाही, असं मनाशी धरून तिने एका दमात सगळं सांगितलं.

ग्रॅहमने खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघितलं.

"मग माल्टाची आयात नक्की किती वाढलीये?"

"जवळजवळ नाहीच."

"पण ऊन असतं ना तिथे?"

"ऊन भरपूर असतं."

"हिने नवी हॅट घेतलीये. आता नाही म्हणालो तर घरी काय होईल, त्याचा तक्ता मांडायला नको. जातोच मी!"

ग्रॅहम परतला तो टोमॅटोसारखा लालबुंद होऊन, खिशात तीन हॉटेलांच्या नळांची ऑर्डर घेऊन. तिथला हॉटेलवाला त्याला म्हणाला होता, "नळवाले सगळे मोठ्या देशांत जातात. आमचं दार ठोठावणारे तुम्ही पहिलेच!"

इरावतीची नोकरी तर राहिलीच, वर बढतीही मिळाली. ही बातमी कुशलला कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं. पण घरी येऊन बघते तर तो ओट्याशी उभा. आपल्यामुळे बायकोवर संकट आलं म्हणून त्या सोमवारपासून रोजचा स्वयंपाक त्यानेच अंगावर घेतला होता. आज तव्यावर पोळी टम्म फुगली होती आणि चक्क गोल होती.

"ऑफिसात काय म्हणाले गं?" त्याने घाबरत विचारलं.

इरावतीने मोठा सुस्कारा सोडला.

"अजून काही सांगता येत नाही रे," ती म्हणाली आणि पान वाढून घेऊन जेवायला बसली.