ज्याची त्याची दवंडी

"मोबाईल दाखव बे!"

सोनाळ्यात सकाळी दूध आणायला निघालात आणि अशी हाक आली, तर घाबरू नका. चोरी झालेली नाही. ते आमचे शेजारी सुखदेवकाका. ते तुमचा मोबाईल आपल्या मोबाईलशेजारी धरतील, दोन्हीकडे आळीपाळीनं पाहतील आणि तुमच्यावरच भडकतील. कारण तुमच्या मोबाईलवर क्रिकेट आणि त्यांच्या मोबाईलवर कुस्ती. तुमच्या मोबाईलवर कीर्तन आणि त्यांच्या मोबाईलवर टीव्हीतल्या लोकांची भांडणं.

"हे काय होय? एकाच कंपनीचा मोबाईल अन् दोन बातम्या?"

काका तीस वर्षं गावचे कोतवाल होते. तलाठ्याचा निरोप डफडं वाजवून गावभर ओरडायचा, हे काम. "म्या पाटलाले एक अन् मजुराले एक दवंडी देल्ली का कधी? एक गाव, एक दवंडी! हा मोबाईल दुजाभाव करते!"

नोकरी संपली, डफडं गेलं, आवाज तसाच राहिला. घरात ते मीठ मागतात तेव्हा बसस्टँडवर कळतं की वरण आळणी झालं. नुसतं मीठच मागितलं तरी भांडण चाललंय असं वाटतं. अनुसयाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा आवाज मात्र भिंतीला भिंत असूनही मी क्वचितच ऐकला आहे.

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला. हे मी कोणी न विचारताही सांगतो. घरालाच लागून माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एक दिवस चार गिऱ्हाइकांसमोर मी काकांना विज्ञान समजावलं.

"काका, मोबाईल दुजाभाव नाही करत. तुमचं बोट कुठं थांबते ते पाहते. कुस्तीवर थांबले, अजून कुस्ती देते. सरकवली, तर कमी करते. माणूस तोंडानं खोटं बोलू शकते. बोट नाही बोलत."

शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं.

"मंग माहं बोट भांडखोर हाय म्हणतो?" काका म्हणाले. सगळे हसले. काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा आले. आज हातात दोन मोबाईल. दोन्ही टेबलावर ठेवले.

"हा माहा. हा तुह्या काकूचा. पाह्य."

मी काकूंचा उचलला. पहिला व्हिडिओ लिंबाच्या लोणच्याचा. दुसरा, 'नवरा तापट असेल तर घर शांत कसं ठेवाल?' मी पटकन सरकवला. तिसरा, 'मोठ्या आवाजानं छातीत धडधडतं?' चौथा पुन्हा तापट नवरा. सांगणारी बाई वेगळी, सल्ला तोच.

भिंतीपलीकडे काकू एकट्या होत्या. हा माणूस आता घरी जाऊन त्यांना काय काय बोलेल, आणि ते सगळं माझ्या विज्ञानामुळं.

"काका, हे सगळ्याच बायांच्या मोबाईलवर येते. जाहिरातीसारखं."

"काल तं म्हणे बोट खोटं बोलत नाही."

"काय आहे बे? आम्हालेही दाखव," बाकावरचा एक जण मान लांब करून म्हणाला.

"केवायसीचा मेसेज हाय. त्याच्यात काय पाह्यतो?" मी मोबाईल पालथा घातला.

काका ओरडले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली. दोन्ही मोबाईल उचलून ते निघाले. मी फॉर्म अर्धवट टाकून मागोमाग गेलो.

काकू दारात गहू पाखडत बसल्या होत्या. आपला मोबाईल नवऱ्याच्या हातात पाहिला आणि सूप हातातच थांबलं. चेहरा उतरला. त्यांनी वर पाहिलं नाही. काका पुढ्यात जाऊन उभे राहिले. गरज पडली तर मध्ये शिरायचं म्हणून मी चप्पल तिथंच काढली.

काकांचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. काकूंनाही नाही.

"काय म्हणता?"

"चार्जिंग संपली होती म्हणलं. लावून आणला." खरखरीत, बारीक आवाज. माझ्या दुकानात त्यांनी चार्जरला हातही लावला नव्हता. त्यांनी मोबाईल हळूच काकूंच्या बाजूला ठेवला. "तुह्या मोबाईलले मी हात नाही लावत आता. तुले पाह्यचं ते पाहत जाय."

काकूंनी सूप खाली ठेवलं. घाबरून उठल्या आणि गव्हाच्या धुळीनं माखलेला हात त्यांच्या कपाळावर ठेवला.

"काऊन जी? बरं नाही वाटून राह्यलं का?"

ताप नव्हता. पण काकांनी तसं सांगितलं नाही. डोळे मिटून उभे राहिले, आणि तो हात होता तिथंच राहू दिला.