चिचटोल्याची ताजी बातमी

"या वेळची बातमी इतकी ताजी पाठवतो, का संपादकानं वाचता वाचता उभं राह्यलं पाह्यजे!" शालिकराम बायकोला म्हणाला.

गिरजा टोपलीतल्या मासोळ्या निवडत होती. तिनं वर पाहिलंही नाही. "बसूनच वाचू द्या बिचाऱ्याले," ती म्हणाली.

शालिकराम हा चिचटोल्याच्या ढिवरपुऱ्यातला, म्हणजे मासेमारांच्या मोहल्ल्यातला, एकुलता एक शिकलेला माणूस. सातवी पास! अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. गावात जाळं फेकता न येणारा ढिवरही तो एकटाच, पण त्याचं त्याला काही वाटत नसे. तो चांद्याच्या 'झाडीदूत' साप्ताहिकाचा वार्ताहर होता. पगार नाही, भत्ता नाही, फक्त बातमीखाली 'आमच्या वार्ताहराकडून' असं छापून यायचं. तेवढ्या दोन शब्दांवर हा गडी आठवडाभर छाती काढून फिरायचा.

दुखणं एकच होतं. बातमी डाकवाल्याच्या पायांनी सिंदेवाहीला जायची, तिथून आगगाडीनं चांद्याला, आणि पोचेपर्यंत तिला वास सुटलेला असायचा. गोठ्याला आग लागल्याची बातमी छापून आली तेव्हा गोठा नवा बांधून त्यात गाय व्याली होती! शेवटी संपादकानं कार्ड टाकलं : 'शिळ्या बातम्या पाठवू नयेत.'

ह्या 'शिळ्या' शब्दानं शालिकरामच्या काळजात घर केलं. आणि त्याच महिन्यात गावात सरपंचाची निवडणूक लागली.

आता ही निवडणूक काही टोपी-धोतराच्या मानाची नव्हती बरं! गावचा तलाव पंचायतीच्या हाती जाणार होता. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन दोन वर्षं झाली होती, पण जुन्या मालगुजार गुणवंतरावांना सारं गाव अजून 'मालक'च म्हणे. मालक निवडून आले तर तलावाचा ठेका त्यांच्या चांद्याच्या व्याह्याला, आणि ढिवरांनी काठावर बसून बेडूक मोजायचे. गिरजाचा मोठा भाऊ मनसाराम निवडून आला तर तलाव ढिवरांचा. इतका साधा हिशोब. ढिवरांची चाळीस घरं, घरटी दोन हात, म्हणजे ऐंशी. मालकाकडे ओढूनताणून सत्तर. मतदान हात वर करून, मंगळवारी सकाळी दहाला, चावडीपुढं, तालुक्याच्या साहेबासमोर.

"मनसारामभाऊ येऊनच राह्यला," शालिकराम स्वतःशी म्हणाला. "मंग थांबायचं कायले?"

आणि त्यानं मतदानाच्या सहा दिवस आधी बातमी लिहून टाकली! 'चिचटोला येथील निवडणुकीत श्री. मनसाराम प्रचंड बहुमताने विजयी. गुलालाची उधळण. विजयानिमित्त ढिवर समाजाने सर्व गावास मासळीचे जेवण दिले.' जेवणाचं वाक्य त्यानं बातमीला जरा चव यावी म्हणून घातलं. पाकिटाच्या पाठीवर ठळक अक्षरात लिहिलं : 'पुढच्या शनिवारच्या अंकात छापावी.'

संपादकानं पाकीट फाडलं, टोपलीत टाकलं आणि आतली बातमी ह्याच शनिवारी छापली.

सोमवारी दुपारी अंक गावात आले. अंक दोनच यायचे, एक शालिकरामला फुकट आणि एक गुणवंतरावांना वर्गणीचा. शालिकरामनं आपला अंक उघडला, तर मनसाराम मतदानाच्या आधीच विजयी! अंक त्यानं तांदळाच्या कोठीत खुपसला. पण दुसऱ्या अंकाचं काय?

तासाभरात लटारू कोतवाल डफडं बडवत ढिवरपुऱ्यात शिरला. "ऐका हो ऐका! मनसारामभाऊ सरपंच झाले होऽऽऽ! चांद्याच्या कागदात छापून आलं होऽऽऽ! मालकानं समद्याइले वाड्यावर बोलावलं होऽऽऽ!"

वाड्याच्या ओसरीवर गुणवंतराव अंक हातात घेऊन बसले होते. चेहरा असा, की घरात बारसं आहे! "ये मनसाराम, ये. हारलो बा मी. वरतून ठरलं, तिथी आपलं काय चालते?" त्यांनी स्वतःच्या हातानं मनसारामला गुलाल लावला. मग त्यांची नजर फिरली. "आन् शालिकरामभाऊ कुठी हायेत?"

भाऊ! ज्या ओसरीच्या पायरीखाली शालिकरामचा बाप हात जोडून उभा राहून म्हातारा झाला, त्या ओसरीवर मालकानं त्याला हात धरून चढवलं आणि तक्तपोसावर आपल्या शेजारी बसवलं. पानाचा डबा पुढं केला. चाळीस घरांनी ते पाहिलं.

मनसाराम भोळा असला तरी अगदीच बावळट नव्हता. "पण जवाई," तो म्हणाला, "निवडणूक तं उद्या हाय न? मंग आजच कसा निवडून आलो मी? हे खरं हाय का?"

शालिकरामच्या तोंडात पान होतं. खरं सांगायचं तर ते थुंकायला हवं होतं, उठायला हवं होतं, खाली उतरायला हवं होतं. सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते, आणि तक्तपोसावरची गादी फार मऊ होती हो!

"छापून आलं न," तो म्हणाला.

बस्स! एवढंच म्हणाला मेला.

"मंग उद्या साहेब कायले येऊन राह्यला?" कोणीतरी विचारलं.

"सही न्याले," मालक गोड हसून म्हणाले. "पण मनसाराम, ह्याच्यात जेवणाचंबी लिवलं हाय. सर्व गावास मासळीचे जेवण दिले. दिले! आता तुमी उद्याच नाई दिलं तं कागद खोटा पडन. आन् तुह्या जवायाची काय इज्जत राह्यन?"

ढिवरपुऱ्यात एकच कल्ला झाला. छापून आलंय म्हणजे जेवण द्यायलाच पाहिजे! पण मासोळी आणायची कुठून? तलावावर मालकाचे राखणदार लाठ्या घेऊन बसलेले. "साहेबाची सही झाली का तलाव तुमचाच हाय," मालक म्हणाले, "पण उद्याच्या दिवस नदीवरच जा बापा." म्हणजे दोन कोसांवर उमा नदीचा डोह. आणि डोहातलं मोठं जाळं ओढायला सारा ढिवरपुरा लागतो. एक हात कमी पडला तर जाळ्याला झोळ येतो आणि मासोळी खालून निघून जाते. मासोळी वाहून आणायला बायाही टोपल्या घेऊन जाणार.

संध्याकाळी गिरजानं चूल फुंकता फुंकता विचारलं, "अवो, तुमच्याच हातचं हाय न ते?"

"काय?"

"सोंग नका करू. जेवण अजून झालं नाई आन् कागदात ढेकर आला!"

"हळू बोल! पहाटी गेले तं नवाच्या आत वापस येतेत. दहाले हात वर करतेत. कोणाले काई समजत नाई. गावासमोर माही शोभा करतं का तू?"

गिरजानं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "तलाव गेला तं मी काय विकू? तुमचा कागद?" आणि सकाळी सारा मोहल्ला नदीवर गेला तेव्हा जाळं न येणारा शालिकराम सोडला तर ती एकटीच मागं राहिली. पोट दुखते म्हणाली.

नऊ वाजले. कोणी परत आलं नाही. साडेनऊला तालुक्याच्या साहेबाची बैलांची दमणी चावडीपुढं येऊन थांबली आणि शालिकराम नदीकडे धावत सुटला. सातवी पास माणूस चप्पल हातात घेऊन असा पळत होता, की शेतातली माणसं मागं वाघ दिसतो का ते बघत होती!

डोहावर पाहतो तर काय! चाळीस घरचे गडी छातीभर पाण्यात, बाया काठावर दोराला, आणि जाळं असं भरलेलं की मागच्या दहा वर्षांत भरलं नव्हतं. पाणी नुसतं उकळत होतं.

"चला! सोडा! मतदान हाय!" शालिकराम काठावरून ओरडला.

"ते तं झालं न गा!" मनसाराम पाण्यातून ओरडला. "दोर धर, दोर!"

"झालं नाई! म्या लिवलं होतं ते!"

"मंग खोटं लिवलं का?"

"खोटं नाई भाऊ! आगाऊ!"

मग सगळे एकदम बोलायला लागले. अर्ध्यांनी जाळं सोडलं, अर्ध्यांनी धरून ठेवलं. व्हायचं तेच झालं. जाळं उलटलं, हातभर लांबीच्या मासोळ्या सगळ्यांच्या पायांमधून शेपट्या हलवत निघून गेल्या. ओल्या लंगोट्यांनी, रिकाम्या टोपल्यांनी सारा ढिवरपुरा दोन कोस धावला. वाटेत कोणी शालिकरामला शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

चावडीपुढं साहेबाच्या दमणीला बैल जुंपणं चाललं होतं. गुणवंतरावांच्या गळ्यात हार. लटारू कोतवाल डफडं काखेत मारून एका बाजूला खाली मान घालून उभा होता.

"किती?" मनसारामनं त्याला विचारलं.

"मालकाइले एकोणसत्तर."

"आन् मले?"

"एक."

"एक कोणाचा गा? आमी तं समदे तिथी होतो!"

लटारूनं शालिकरामकडे पाहिलं. "ह्याइच्या बाईचा. साहेबानं पुकारलं, मनसारामकडून कोण, तं हे एकटीच उठली. मालक हासून म्हणे, बाई, खाली कर हात, दुखन. तिनं नाई केला. साहेबानं कागदावर लिवलं, मंग केला."

गिरजा चावडीच्या पायरीवर पदर सावरून बसली होती. तिनं भावाकडे पाहिलं, त्याच्या ओल्या अंगाकडे पाहिलं, पण नवऱ्याकडे काही पाहिलं नाही. शालिकरामला त्या घडीला डोहात बुडून मरावंसं वाटलं, पण पोहता येणाऱ्या जातीत जन्मल्याची तेवढी पंचाईत होती.

मालकानं मात्र कागदातला शब्द पाळला. जेवण दिलं! सर्व गावास, मासळीचं, आणि तेही तलावातल्या मासोळीचं. ढिवरपुरा काही गेला नाही. पण बातमी खोटी पडू दिली नाही, असं मालक पुढं वर्षभर लोकांना हसून सांगत.

शालिकरामनं त्याच रात्री खरी बातमी लिहिली. प्रत्येक आकडा बरोबर. पाकिटावर काही लिहिलं नाही. आठ दिवसांनी संपादकाचं कार्ड आलं : 'चिचटोला निवडणुकीचा निकाल मागील अंकात येऊन गेला आहे. शिळ्या बातम्या पाठवू नयेत.'

पुढच्या महिन्यात तलावाचा ठेका व्याह्याला गेला. पंचायतीला एक पाटी हवी होती, आणि गावात चांगलं अक्षर एकाचंच. गुणवंतरावांनी निरोप पाठवला. 'शालिकरामभाऊंना सांगा' असं म्हणाले. आणि गेला तो! चाळीस घरं ज्याच्याशी बोलत नव्हती, त्याला निदान मालक तरी भाऊ म्हणत होते.

तलावाच्या पाळीवर पाटी रोवून तो डांबरानं अक्षरं काढत बसला होता. गिरजा डोक्यावर रिकामी टोपली घेऊन नदीकडे निघाली होती. ती थांबली.

"काय लिवलं हाय?"

शालिकरामनं कुंचला खाली ठेवला. "या तलावात मासे धरण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून."

गिरजानं पाटीकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं.

"हे झालं हाय, का हेबी आगाऊच?"

"झालं हाय," शालिकराम म्हणाला.

"मंग बरं," ती म्हणाली आणि दोन कोस चालायला लागली.