आग्नेसबाईंचा क्लच

"मग तुझा डावा पाय दिवसभर करतो तरी काय?"

मी नवी टर्बो ऑटोमॅटिक गाडी घेतली, तेव्हा पेढा तोंडात टाकण्याआधी आग्नेसबाईंनी हे विचारलं. उमेळे गावातल्या आमच्या शेजारीण, निवृत्त शिक्षिका. वय अडुसष्ट. दारात लाल, बुटकी, सहा गियरची मॅन्युअल स्पोर्ट गाडी. वर्गातल्या पोरांबद्दल बोलावं तसं त्या गियरांबद्दल बोलतात. "तिसरा गुणी. दुसरा हट्टी, पण मनाने चांगला."

ऑटोमॅटिक माणसापेक्षा झटपट गियर बदलते, असं मी सांगितलं. "बदलेल की! घाई कुणाला आहे?" म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी मला मागे टाकून भुर्रकन गेल्या.

त्यांचा डावा गुडघा मात्र दुखतो. क्लच दाबताना "येशू!" निघतं. 'ऑटोमॅटिक घेऊन देतो' म्हणून मुलगा पुण्याहून सांगून थकला. बाई ऐकत नाहीत. का, ते मला कळेना.

एकदा त्यांनी मला मागच्या सीटवर बसवलं. पुढे शेजारी त्यांचे यजमान, पास्कूकाका. पूर्वी त्यांचं गॅरेज होतं. दोन वर्षांपूर्वी झटका आला, डावं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. बाईंनी क्लच दाबला आणि गियर टाकला तो काकांनी, उजव्या हाताने!

"दोन," काका स्वच्छ बोलले. मी दचकलो.

"तीन."

"घाई केलीस, पास्कू!" बाई ओरडल्या. काका खुदकन हसले.

पुढच्या रविवारी मी हट्टाने माझी गाडी बाईंना चालवायला दिली. "बाई गं, काय पळते!" त्या शाळकरी पोरीसारख्या हरखल्या. गुडघा एकदाही कुरकुरला नाही. शेजारी बसलेल्या काकांचा हात सवयीने मधल्या दांड्याकडे गेला, थबकला आणि मांडीवर येऊन पडला. नंतर साऱ्या वाटेत एकही आकडा ऐकू आला नाही. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी घराकडे वळवली.

"छान आहे रे तुझी," किल्ली देत त्या म्हणाल्या. "पण घरी आमचं सगळं खुणांवर चालतं. आकडे तेवढे उरलेत त्याच्याकडे, तेही हातात गियर असला तरच."

मग मुलाला फोन लावून त्यांनी 'नको' सांगितलं.

मिस्साची वेळ झाली होती. दोघं लाल गाडीत बसले. सरळ रस्त्याने चर्च पाच मिनिटांवर आहे. बाईंनी गाडी वाडीतल्या वळणावळणांच्या रस्त्याला घातली.