कानबाईच्या गव्हात दोन मुठी जास्त

आमच्या सुनेचं वागणं मला पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. भांडत नाही, उलट बोलत नाही, भाकरीही गोल करते. मग तक्रार काय? तर ती बघते! आणि बघून झालं की वहीत लिहिते!

भाविका तिचं नाव. माहेर धुळ्याचं. लग्नानंतर माझ्या योगराजने तिला जळगावच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या एम.ए.ला घातलं. तिथे म्हणे बायांच्या मनाचा वेगळा पेपर असतो. बाई अशी का वागते, पुरुष तसा का वागतो, घर कोणाला काय शिकवतं, असलं सगळं. मी तिसरी शिकलेली, पण हा पेपर मी चुलीपुढे बसून शिकवला असता! त्यांच्या मॅडमने सांगितलं, घरातल्याच एका बाईचं महिनाभर निरीक्षण करा. घरात बाया दोन. एक ती. मग राहिलं कोण?

मी म्हटलं, बघ बाई, पोटभर बघ! उभ्या धरणगाव तालुक्यात कुंदाबाई कोणाला भीत नाही. माझ्या एका हाकेने गोठ्यातला बैल उठून उभा राहतो. आमचे हेसुद्धा!

एक दिवस ती कॉलेजला गेल्यावर मी वही उघडली. बोट ठेवून ठेवून वाचलं. 'पुरुष एक वाजता जेवले. सासूबाई अडीचला. तोवर भाजी संपली होती. विचारलं तर म्हणाल्या, भूकच नव्हती.' बरं, खरंच होतं. पण त्याखाली लिहिलेलं, 'आपण कोणालाच भीत नाही, असं सासूबाई म्हणतात. रोज म्हणतात. यावर विचार करणे.'

अंगावरून पाल सरसरत गेल्यासारखं झालं! विचार करणे? माझ्यावर?

त्यात श्रावण लागलेला. रविवारी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसायची होती. आमच्या भाऊबंदांची कानबाई मोठ्या घरी, म्हणजे माझ्याकडे बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजायचे ते दोन्ही घरांतल्या एकेका पुरुषाच्या नावाने, सव्वा सव्वा मूठ. आमचे हे, वेगळे राहणारे दीर सुकदेव आणि योगराज. तीन पुरुष, तीन वाटे. चाळीस वर्षं मीच मोजते.

भाविकाने विचारलं, "आई, बायांच्या नावाची मूठ का नाही?"

"रीत शे."

"मोडली तर?"

"कानबाई कोपते."

"आधी कधी कोपली होती?"

आता काय सांगणार? कोणी मोडलीच नाही, तर ती कोपेल कशी! ती वहीकडे वळली आणि माझं डोकं फिरलं. भीत नाही म्हणजे नाही!

शुक्रवारी घरात कोणी नाही असं बघून सूप घेतलं. तीन वाटे झाले. मग डोळे मिटले आणि चौथा घातला. माझ्या नावाचा! निम्मे गहू चुलीपाशी सांडले. तेवढ्यात वरची चाळणी धाडकन खाली पडली. पंखा बंद पडला. बाहेर बैल हंबरला. मी घामाघूम! म्हटलं, एकटीच सापडले तर देवी मलाच धरेल. जोडीला कोणीतरी हवं. म्हणून घाईघाईने पाचवा वाटा घातला, भाविकाच्या नावाचा.

वर बघते तर दारात माझी जाऊ शेवंताबाई!

तिने सुपाकडे पाहिलं. ओठ हलवत मोजलं. "पाच? अक्का, पुरुष तर तीन!"

मी नुसतंच "हं" केलं.

शेवंता गालात हसली. "समजलं, समजलं! नका सांगू, दृष्ट लागते." आणि गेली.

काय समजलं ते मला शनिवारी दुपारी समजलं. धुळ्याहून आमच्या विहीणबाई भागाबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन हजर! "लेकीला जुळे मुलगे होणार, आणि आम्हाला परक्यांच्या तोंडून कळतं?"

कानबाईच्या गव्हात दोन पुरुष वाढले, म्हणजे सुनेच्या पोटात दोन मुलगे! शेवंताने हिशोब केला आणि गावभर वाटला. मी तोंड उघडणार, तोच गावातल्या गरोदर बायांची नोंद ठेवणारी आशाताई रत्ना रजिस्टर घेऊन आली.

"मावशी, दोन्ही मुलगेच आहेत, हे कळलं कसं? कुठे तपासलं? हा गुन्हा आहे. जेल होते."

जेल! मला जेलची भिंत दिसली, त्यात मी, आणि गजांमधून बघत वही लिहिणारी भाविका!

"मी... गहू..." एवढंच तोंडातून निघालं.

शेवंताबाई धावत आली. आमचे हे गोठ्यातच थांबले. संध्याकाळच्या एस.टी.ने भाविका उतरली, तर अंगणात निम्मं गाव. तिच्या आईने गळ्यात पडून लाडू तोंडात कोंबला. रत्नाने तारीख विचारली. भाविकाने लाडू गिळला.

"कसली तारीख? मला दिवसच गेले नाहीत!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. शेवंताने कमरेवर हात ठेवले. "मग त्या दोन मुठी कोणाच्या? अक्का, मोजायला चुकल्या असाल तर सांगून टाका. उद्या कानबाई आमच्या घरी बसवू."

चाळीस वर्षांचा मान! चुकले म्हणाले तर कानबाई जाते. खरं सांगितलं तर कानबाई कोपते. समोर भाविका. हातात वही नव्हती, पण बघत होतीच.

"चुकले नाही," मी म्हटलं. आवाज शेळीसारखा निघाला. "एक माझी. एक भाविकाची. बायांची! कोपायचं तर देवी माझ्यावर कोपेल!"

रत्नाने रजिस्टर मिटलं. विहीणबाईंनी उरलेले लाडू डब्यात परत भरले. शेवंताचा चेहरा लालबुंद झाला. मी मनात कानबाईचा निरोप घेतला.

"अक्का!" ती कडाडली. "तुमची घातली, कालच्या पोरीची घातली, अन् तीस वर्षं तुमच्या बाजूला बसून रोट लाटणाऱ्या माझी नाही घातली?"

आणि डोळ्याला पदर लावून सरळ स्वयंपाकघरात घुसली. सव्वा मूठ गहू काढले आणि स्वतःच चक्कीवर दळायला घेऊन गेली.

गर्दी पांगली. भाविका माझ्याजवळ येऊन बसली. "आई, तुम्ही माझी मूठ का घातली?"

"माया आली म्हणून नाही घातली. एकटीला भीती वाटली म्हणून घातली."

तिचा हात पिशवीतल्या वहीकडे गेला. मग मीच म्हटलं, "लिही! भाविका, तुझं हे बघणं मला पटलेलं नाही, पटणारही नाही. पण लिहिलंस ते खरं शे. मी कानबाईला भिते, शेवंताला भिते, तुझ्या वहीला तर सगळ्यात जास्त भिते. पुढच्या वर्षी तिघींच्या तीन मुठी जास्त घालू. फक्त गावाला आधी सांगून ठेव, नाहीतर तुला तिळे होतील!"